मूल कुणाच्या हाती द्यायचं

माझ्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, ही बाई चोरांना फार घाबरते. पुढच्या दाराला ग्रीलचं दार, त्याला वर एक कडी आणि खाली एक कडी, अंगणातल्या हौदाच्या झाकणाला कुलूप आणि एवढ्यानंही समाधान न होऊन झाकणावर दगडी पाटा. चोरांना मी कधीच घाबरले नाही. त्यांनी नेण्यासारखं घरात काही नाही. मी घाबरते ती नुकतं चालायला लागलेल्या माणसांना. घरात पाऊल ठेवल्याबरोबर त्यांना हौद कुठे आहे ते बरोबर कळतं.

बारामतीत एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे. आमचं म्हणजे आता माझं एकटीचं. नवरा गेला, मग मुलाची बँकेतली बदली इंदापूरला झाली, तो बायकोला घेऊन तिकडे गेला आणि तीन खोल्यांत मी आणि भिंतीवरचं घड्याळ उरलो. घर खायला उठतं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. शेजारी भाड्याने राहणारी एक मुलगी कपड्यांच्या कंपनीत शिलाईला जायची. सासू आजारी पडली म्हणून तिने दोन दिवसांसाठी बाळ माझ्याकडे ठेवलं. तिचं बघून दुसरीने ठेवलं. पुढे पुढे सकाळी माझ्या दारात एवढ्या एवढ्याशा चपलांचा असा ढीग पडायचा की पोस्टमन विचारायचा, "काकू, आज पूजा हाय का काय?"

पोरं सांभाळणं हे काही शिकून यायचं काम नाही, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. मग एका संस्थेने घरी पाळणाघर चालवणाऱ्या बायकांसाठी प्रशिक्षण ठेवलं. मी गेले ते तिथल्या मॅडमना चार गोष्टी सुनवायच्या इराद्याने. पण बाई हुशार निघाल्या. गळ्यातला काळा दोरा झोपेत आवळला जातो, वाळ्याचा घुंगरू निघून पोटात जातो, झोळीत एकटं बाळ ठेवून स्वयंपाकघरात जायचं नाही, अख्खे फुटाणे आणि शेंगदाणे लहानग्यांच्या हाती द्यायचे नाहीत. हे सगळं मला पटलं. एका ठिकाणी मात्र मी अडले. मॅडम म्हणाल्या, मूल ठरवून दिलेल्या माणसाच्याच हाती द्यायचं.

मी म्हटलं, "आमच्याकडं पोराला न्यायला चुलता येतो, आत्या येते, घरमालकीण येते, कधी दूधवाला गाडीवर घालून नेतो. कुणाकुणाला अडवू?"

"ज्याची ओळख आईबापाने तुमच्यासमोर उभं राहून करून दिली नाही, त्या प्रत्येकाला," मॅडम म्हणाल्या.

घरी येताना मी बडबडत आले. रात्री मात्र विचार केला की पोर हरवलं तर त्याच्या आईला मी काय सांगणार? ओळखीचा वाटला म्हणून दिलं? दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला. जो कोणी पोराला न्यायला येणार असेल त्याला आईने एकदा स्वतः घेऊन यायचं, पोराला त्याच्या मांडीवर बसवायचं आणि माझ्यादेखत म्हणायचं, "यांच्याकडे द्यायचं." एवढंच. बायका हसायच्या. म्हणायच्या, मावशींकडं पोराचं लगीन लावल्यासारखी बोलणी करावी लागत्यात. हसू दे म्हटलं. काळे दोरे आणि वाळे काढून मी डबीत ठेवायची आणि संध्याकाळी परत घालून द्यायची, त्यालाही त्या आधी हसल्याच होत्या. एका आजीने जायफळ उगाळून पाठवलं होतं, पोर दिवसभर गप पडून राहावं म्हणून. ती वाटी मी तशीच झाकून परत पाठवली. त्यानंतर माझ्या तोंडाला कोणी लागेना.

उन्हं कलली की एकेक आई यायची आणि घर रिकामं होत जायचं. शेवटी उरायची ती एकच. अडीच वर्षांची, गालावर तीट, आवाज असा खणखणीत की रस्त्यावरून जाणारा वळून बघेल. तिचे आईबाप मूळचे वडगाव निंबाळकरचे. इथे खोली घेऊन राहत होते. बाप हंगामात ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा, आईची कंपनीची बस सगळ्यांत उशिरा सुटायची. त्यामुळे दिवेलागणीपासून आई येईपर्यंत ती माझी एकटीची असायची.

मी भाकरी थापायला बसले की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या बाहेर बसायची. आत यायचं नाही, शेगडी आहे, हे तिला पाठ होतं. तिला पिठाचा गोळा द्यायचा. त्याची ती भाकरी करायची आणि मला भरवायची. कच्चं पीठ मी खाल्लंय, खोटं कशाला सांगू? मग घरभर एक फेरी मारून, सगळ्या कोपऱ्यांत डोकावून ती येऊन विचारायची, "आता कोन लाहिलं?"

मी म्हणायची, "तू आणि मी."

रोज हाच प्रश्न आणि रोज हेच उत्तर. पाळणाघर चालवणाऱ्या बाईने एका पोरावर जास्त जीव लावू नये. हेही मॅडमनी सांगितलं होतं. ते मात्र मी ऐकलं नाही.

गळीत हंगाम भरात होता. रस्त्याने माळेगावच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक चालल्या होत्या, त्यांवरची गाणी ऐकू येत होती. अशा एका संध्याकाळी दारात मोटारसायकल थांबली. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, हातात पिशवी. म्हातारा माणूस, पण ताठ.

"पोरीला न्यायला आलोय," ते म्हणाले. "मी आजा तिचा, वडगावचा. हिरीवरची जळालेली मोटार भरायला टाकली हुती हितं, ती न्यायला आल्तो. पोराचा फोन आला, म्हणला, आज पोरीच्या आईला ओव्हरटाइम हाय, तुमी हाईसाच गावात तर पोरीला घिऊन खोलीवर बसा."

"आबा, मला यातलं कुणी काही बोललं नाही," मी ग्रीलच्या आतून म्हटलं.

"आता मी बोलतोय की."

मी आईला फोन लावला. कंपनीत सगळ्यांचे मोबाईल फाटकाशी ठेवून घेतात. तो कुठेतरी कप्प्यात वाजत राहिला. बापाला लावला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला फोनची रिंग काय ऐकू येणार? तेवढ्यात पोर आवाज ऐकून धावत आली आणि ग्रीलला लोंबकळून ओरडली, "आबा!"

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघा," ते म्हणाले. "वळखलं का न्हाय नातीनं? उघडा आता."

आणि मी म्हणाले, "आबा, ती दूधवाल्यालाही आबाच म्हणते."

खरं होतं ते. आमच्याकडे टोपी घातलेला प्रत्येक म्हातारा पोरांचा आबाच असतो. तिने एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही आबा म्हणून हाक मारली होती आणि तो चांगला चाळिशीचा होता. पण खरं असलं म्हणून काय झालं? त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. दार न उघडणं ते कदाचित विसरले असते. हे वाक्य विसरण्यासारखं नव्हतं.

ओट्यावर खुर्ची होतीच. मी म्हटलं, बसा, तिची आई येईल. चहा केला आणि गजांमधून कप बाहेर दिला. त्यांनी तो शेजारी ठेवला आणि निवू दिला. पिशवीतून उसाचे करवे काढले, स्वतः सोलून तोडून आणलेले, आणि गजांतून नातीपुढे धरले.

"नको, आबा. घशात अडकतं. एवढ्या लहानाला मी देत नाही."

"आमी काय पोरं वाढवली न्हाईत?"

"वाढवलीत की. पण इथं ती माझ्या जिवावर ठेवलीय."

पलीकडची शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अहो काकू, चांगले घरंदाज दिसतायत, देऊन टाका की." घरंदाज दिसणं हे काय ओळखीत धरायचं? म्हातारा खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत बसून राहिला. येणारेजाणारे बघत होते. त्यांच्या गावात त्यांना कुणी अशा नजरेने बघितलं नसेल. पोर आतून मला विचारत होती, आबा आत का येत नाही.

तिची आई आली तेव्हा चांगला अंधार पडला होता. सासऱ्यांना ओट्यावर बघून ती फाटकातच थबकली, ओढणी डोक्यावर घेतली. "अवो मावशी, हे आमचं आबा हायेत."

मी दोन्ही कड्या काढल्या. आता उपयोग नव्हता. आबा उठले, टोपी नीट केली आणि माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाले, "उद्यापासनं पोर हितं ठिवायची न्हाय. आपल्याच लेकरासाठी आपल्यालाच वळख द्यावी लागती व्हय? आमी सांभाळतो वडगावला. आमाला जड न्हाय ती."

सुनेने माझ्याकडे बघितलं. हा नियम सांगितला तेव्हा न हसलेली ती एकटीच आई होती. उलट म्हणाली होती, मावशी, ह्याच्यासाठीच तुमच्याकडं आणली. पण सासऱ्यासमोर ती काय बोलणार? तिने खाली मान घालून डबी मागितली. मी पोरीच्या पायात वाळे घातले, गळ्यात काळा दोरा बांधला. गाठ मला नीट मारता येईना.

मोटारसायकलवर आजोबांच्या पुढे बसून ती खूश होती. गाडी सुरू झाल्यावर सवयीने ओरडली, "आता कोन लाहिलं?"

मी म्हटलं, "मी."

ती वडगावलाच राहिली. आई तिला भेटते ती गुरुवारी, आमच्या भागातल्या कंपन्यांना तेव्हा सुट्टी असते म्हणून. बाकीचे दिवस ती बसमधून उतरते आणि माझ्या घरावरून रिकाम्या हातांनी खोलीवर जाते. पहिले काही दिवस मी मुद्दाम दिवा न लावता आत बसायची, म्हणजे तिला माझ्याकडे बघावं लागू नये. एकदा तीच ग्रीलपाशी थांबली. म्हणाली, "मावशी, तुमचं काय चुकलं न्हाय. पर आबांस्नी कोण सांगणार?"

चुकलं नाही हे मला माहीतच होतं. आज तोच म्हातारा तसाच दारात आला तर मी आजही तेच करीन. पण बरोबर वागल्याने संध्याकाळ सरत नाही. भाकरी थापताना मी अजून पिठाचा एक गोळा बाजूला काढते आणि मग परत परातीत टाकते. ती पोर मला हवी होती. दुसऱ्याची होती, तरी हवी होती.

मला स्वतःचा नातू आहे, हे सांगायचं राहिलं. इंदापूरला. तीन वर्षांचा. सून शाळेत शिकवते, म्हणून तो जेवढा लहान असताना ठेवता येईल तेवढा लहान असल्यापासून तिथल्या एका पाळणाघरात आहे. आपली आई हेच काम करते हे मुलाला माहीत होतं. त्याने विचारलं नाही. मीही म्हटलं नाही. त्यांना वाटलं असेल, आईला तिची दहा पोरं सोडवणार नाहीत. मला वाटलं, गरज असेल तर विचारतील. दोघांनीही वाट बघितली आणि दरम्यान पोर चालायला लागलं. फोनवर मी सुनेला हौदाचं झाकण विचारलं, ग्रील विचारलं, न्यायला कोण येतं ते विचारलं. ती म्हणाली होती, "काळजी करू नका आई, अगदी तुमच्यासारखी आहे ती बाई. फार कडक." ऐकून मला बरं वाटलं होतं.

अशाच एका गुरुवारी माझं पाळणाघर बंद होतं. घरात बसवेना. उठले आणि इंदापूरची एसटी धरली. कुणाला कळवलं नाही. मनात बेत असा की आपणच नातवाला घेऊन घरी जायचं, किल्ली शेजारी असते ती घ्यायची, पोहे करून ठेवायचे आणि दोघं आली की दारात नातवासकट उभं राहायचं. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं, जंक्शन गेलं आणि माझ्या पोह्यांत कोथिंबीरसुद्धा पडून झाली.

पाळणाघर एका गल्लीत, बैठं घर. आत हाक मारायच्या आधी मी सवयीने सगळं बघून घेतलं. हौदाला कुलूप. गॅसची टाकी बाहेर. खिडकीच्या पडद्याची दोरी वर गुंडाळलेली. ग्रीलला कडी दोन ठिकाणी. खोड काढायला जागा सापडेना, याचा मला थोडा रागच आला. आतून तिशीतली एक बाई हात पुसत आली.

"मी आजी त्याची," मी नातवाकडे बोट दाखवून म्हटलं. "बारामतीहून आले. घरी घेऊन जाते त्याला."

"मला कुणी काय बोललं न्हाय, मावशी."

मी मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही. सून वर्गात होती. बाई शांतपणे उभी होती, हात कडीवर. तो हात मी ओळखला.

तेवढ्यात नातू ठोकळे टाकून ग्रीलपाशी आला. गज धरून माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाला, "आजी."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. फोनच्या पडद्यावर बघून बघून का होईना, ओळखलं पोराने. मी बाईकडे बघितलं. बोलायची गरजच नव्हती.

ती अगदी हळू म्हणाली, "पोरं सगळ्यांनाच आजी म्हणत्यात, मावशी. राग नका मानू."

मी कसला राग मानते? गल्लीतून एक भाजीवाली पाटी घेऊन चालली होती, वय माझ्याएवढंच. नातवाने तिच्याकडे बघितलं आणि त्याच आवाजात, तेवढ्याच गोड आवाजात हाक मारली, "आजी." तिने हसून हात हलवला.

बाईने खुर्ची बाहेर दिली. मी बसले. चहा गजांमधून आला. मी तो घेतला, निवू दिला नाही, तेवढा शहाणपणा केला. पण हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत बसल्यावर मला जे वाटलं तो अपमानच होता. समोरची बाई बरोबर आहे, तिच्या जागी मीही हेच केलं असतं, हे पुरतं कळत असताना वाटणारा अपमान. त्याला काय औषध असतं ते कोणत्या प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. वडगावच्या आबांना निदान माहीत होतं की सून येईल आणि म्हणेल, हे आमचं आबा. मला तेवढीही खात्री वाटेना.

सून स्कूटीवरून आली. "आई? तुम्ही? अहो, कळवायचं तरी."

बाईने दार उघडलं आणि सुनेला नियमाचं विचारलं, मी विचारते तसंच. "म्होरं कधी ह्या आल्या तर ह्यांच्याकडं द्यायचं का?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. "येणार आहात का तुम्ही, आई?"

त्यात टोमणा असेल म्हणून मी शोधला. मला टोमणा लगेच सापडतो, ही माझी ख्याती आहे. नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं आणि ती विचारत होती. तीन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो हा असा, गल्लीत, स्कूटीचं हेल्मेट हातात धरून विचारला गेला. मी तयार ठेवलेलं एकही उत्तर त्याला लागू पडेना.

"गुरुवारी येईन," मी म्हटलं. "दर गुरुवारी."

"मग द्या यांच्याकडे," सून म्हणाली.

बाईने मला आत बसवलं आणि नातवाला माझ्या मांडीवर दिलं. मी कितीतरी लोकांना असं बसवलंय, पण मांडीवर बसलेलं पोर एवढं अंग आखडून असतं हे समोरून कळत नाही. त्याने माझ्या बांगड्या फिरवून बघितल्या, मग उतरून ठोकळ्यांकडे गेला. संध्याकाळची एसटी धरून मी बारामतीला आले, कुलूप उघडलं, दिवा लावला.

पुढच्या गुरुवारी गेले. ग्रीलपाशी पोचायच्या आधीच तो धावत आला, गज धरले आणि म्हणाला, "आजी."

मी मागे वळून बघितलं. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं.